भत्ता

पगाराच्या स्लिपवर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता असे रकाने असतात. त्यातला 'भत्ता' हा शब्द कुठून आला याचा आपण सहसा विचार करत नाही. त्याचा एक धागा भाताशी, म्हणजे शिध्याशी जोडला जातो. ही व्युत्पत्ती कितपत पक्की ते भाषातज्ज्ञ जाणोत, पण कंपनी सरकारच्या काळात या शब्दाचा अर्थ अगदी नेमका होता. छावणी सोडून मोहिमेवर गेलेल्या सैनिकाला पगाराच्या वर मिळणारी रक्कम म्हणजे भत्ता. तो अर्धा, पूर्ण किंवा दुप्पट असे. आणि त्याच्यावरून बंडं झाली.

गंमत म्हणजे पहिलं मोठं बंड गोऱ्या अधिकाऱ्यांचं होतं. प्लासीनंतर मीर जाफरने कंपनीच्या फौजेला दुप्पट भत्ता चालू केला होता. तो खर्च कंपनीच्या गळ्यात आल्यावर क्लाइव्हने 1766 च्या सुरुवातीला तो बंद केला. अधिकाऱ्यांनी गुपचूप कट केला, की एका ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी मिळून राजीनामे द्यायचे. तेही मराठे चालून येण्याची भीती असताना! क्लाइव्हने हे बंड मोडलं, म्होरक्यांना नोकरीतून काढलं आणि पश्चात्ताप झालेल्या बहुतेकांना परत घेतलं. फासावर कोणी गेलं नाही. पुढे मीर जाफरने त्याच्या नावे ठेवलेल्या पाच लाख रुपयांतून क्लाइव्हने जायबंदी सैनिक आणि त्यांच्या विधवांसाठी एक निधी उभारला. सैनिक म्हणजे अर्थातच गोरे.

आता 1824 मध्ये बराकपूरला या. पहिलं ब्रह्मी युद्ध सुरू झालं होतं. बंगालच्या शिपायाला महिन्याला 7 रुपये मिळत. त्यात खाणं त्याचं त्याने बघायचं, आणि कूच करताना स्वतःची भांडीकुंडी वाहून नेण्याची सोयही त्यानेच करायची. तांब्या, परात, पातेली ज्याची त्याची वेगळी. सोवळ्याओवळ्यामुळे एकत्र स्वयंपाक शक्यच नव्हता, त्यामुळे दोनचार जणांनी मिळून एक बैल करायची रीत होती. 47 वी पलटण मथुरेहून शेकडो मैल चालून बराकपूरला पोचली होती. आता तिला पुन्हा पायीच चितगावकडे निघायचं होतं, आणि बाजारात बैल नव्हते! रंगूनच्या मोहिमेसाठी सरकारनेच ते आधी उचलले होते. उरले होते त्यांचे भाव शिपायाच्या आवाक्याबाहेर गेले होते.

शिपायांचं म्हणणं साधं होतं. बैल द्या, नाहीतर दुप्पट भत्ता द्या, आमचे आम्ही बघू. त्यांच्या कर्नलने स्वतःच्या खिशातून पैसे देऊ केले, म्हणजे अडचण खरी आहे हे त्यालाही पटलं होतं. पण सरसेनापती सर एडवर्ड पॅजेटला मागणी ऐकायची नव्हती, हुकूम पाळला जायला हवा होता. 2 नोव्हेंबरच्या सकाळी पलटण मैदानावर उभी होती. मागे तोफा आणून ठेवल्या होत्या, हे तिला माहीत नव्हतं. कूच करा नाहीतर शस्त्रं खाली ठेवा, असं फर्मावलं गेलं. शिपायांनी दोन्ही केलं नाही, आणि तोफा सुरू झाल्या. माणसं पळाली, काही हुगळीत बुडाली. किती मेली याचे आकडे आजही जुळत नाहीत. नंतर गोळा केलेल्या बंदुका पाहिल्या, तर जवळजवळ एकही भरलेली नव्हती. अनेकांना फाशी झाली. 47 हा आकडाच सैन्याच्या यादीतून पुसून टाकला गेला. फाशी गेलेल्या बिंदी तिवारीचं देऊळ मात्र बराकपूरच्या लोकांनी उभं केलं.

चारच वर्षांनी, 1828 मध्ये, काटकसर म्हणून बेंटिंकने कलकत्त्याजवळच्या छावण्यांतल्या अधिकाऱ्यांचा भत्ता निम्मा केला. त्या छावण्यांत बराकपूरही होतं. अधिकारी भयंकर खवळले. अर्ज, वर्तमानपत्रांतून शिव्याशाप, गव्हर्नर जनरलशी अबोला, सगळं झालं. तोफ कोणी आणली नाही.

पण सगळ्यात अस्सल कारकुनी डोकं दिसतं ते सिंधमध्ये. 1843 मध्ये मियाणीची लढाई झाली. नेपियरच्या फौजेत मुंबई सैन्याच्या पलटणी होत्या. सिंध जिंकला, खालसा झाला. हिशेबखात्याने विचार केला, की मोहिमेचा भत्ता परक्या मुलखासाठी असतो, सिंध आता आपलाच आहे, तेव्हा भत्ता बंद. मुलूख तोच, वाळवंट तेच, सक्करचा जीवघेणा ताप तोच, घरही तितकंच लांब. बदलला होता फक्त नकाशावरचा रंग, आणि तोही शिपायांनीच बदलून दिलेला! म्हणजे जितकं जिंकाल तितका पगार कमी. बंगालच्या पलटणी तिकडे जायला नकार देऊ लागल्या. 34 वी पलटण 1844 मध्ये मेरठला मोडीत काढली. 64 व्या पलटणीला तिच्या कर्नलने जास्त भत्त्याचं आश्वासन दिलं. शिकारपूरला हातात कमी पैसे पडले आणि दंगा झाला. कर्नलचीही नोकरी गेली.

हे लोण आपल्याकडेही आलं होतं. कामठीहून जबलपूरला हलवलेल्या मद्रासच्या घोडदळाने भत्त्यावरूनच कुरबूर केली. सिंधकडे निघालेली मद्रासची एक पायदळ पलटण मुंबईत उतरली, तेव्हा तिला कळलं की मद्रास सरकारने कबूल केलेला भत्ता वरच्या सरकारने नाकारलाय. ती परेडवरच अडून बसली. मद्रासी शिपायाचं बिऱ्हाड पलटणीबरोबर असे. समुद्रापार जाताना ते मागे राहिलं, की एका पगारात दोन चुली पेटवायच्या. मुंबईत मात्र कोणीतरी शहाणपणा केला आणि थोडी उचल दिली. गडबड तेवढ्यावर शमली.

1849 मध्ये पंजाब खालसा झाला आणि पुन्हा तोच हिशेब पुढे आला. गोविंदगडची 66 वी पलटण बिथरली, तेव्हा नेपियरने (तो आता सरसेनापती होता) ती मोडली आणि तिचा क्रमांक गुरख्यांना देऊन टाकला. पण त्याच्या आसपास याच माणसाने शिपायांच्या शिध्याच्या भरपाईचा एक जाचक नियम स्वतःच्या अधिकारात थांबवलाही होता. कलकत्त्याला न विचारता थांबवला, म्हणून डलहौसीने त्याची कानउघाडणी केली. मियाणी जिंकणाऱ्या नेपियरने राजीनामा दिला आणि शिध्याच्या भांडणापायी तो विलायतेला परत गेला.