श्रोत्याचा शोध : युद्धाघात, उपचारक आणि साक्ष

आघाताच्या अनुभवाविषयी गेल्या काही दशकांत जे समीक्षात्मक लेखन झाले, त्याचा भर प्रामुख्याने बोलणाऱ्यावर राहिला आहे. आघात भोगणारी व्यक्ती बोलू का शकत नाही, बोललीच तर तिच्या निवेदनात खंड का पडतात, भाषा अपुरी का ठरते, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला एक साधा ऐतिहासिक प्रश्न उभा राहतो : हे बोलणे ऐकणारा कोण होता, आणि तो कोणाच्या वाट्याला आला? आघातग्रस्ताला योग्य उपचारक मिळणे ही बाब केवळ वैद्यकाच्या इतिहासातली नाही. कोणती साक्ष संहितेत रूपांतरित झाली आणि कोणती विरून गेली, याचा निर्णय पुष्कळदा याच ठिकाणी झालेला आहे. पहिल्या महायुद्धातील क्रेगलॉकहार्ट येथील रुग्णालयाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

१९१५च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या नियतकालिकात चार्ल्स मायर्स या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय चर्चेत आणली. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेला हादरा बसतो, असा अर्थ या संज्ञेत गृहीत होता. मात्र ज्यांच्या जवळपास कोणताही स्फोट झालेला नव्हता, असेही सैनिक मूक, बधिर वा पंगू होऊन परतू लागले. तेव्हा शरीराच्या जखमेची ही परिभाषा अपुरी पडली, आणि पुढे स्वतः मायर्सलाही ती संज्ञा गैरसोयीची वाटू लागली. त्याच्या जोडीने निदानातही श्रेणिभेद शिरला. अधिकाऱ्याच्या विकाराला बहुधा 'न्यूरास्थेनिया' म्हटले जाई, तर साध्या शिपायाच्या विकाराला 'हिस्टेरिया'. पहिल्या शब्दात अतिश्रमाने आलेल्या थकव्याची प्रतिष्ठा होती. दुसऱ्यात दुबळेपणाचा, किंबहुना ढोंगाचा संशय होता. रुग्ण तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या बोलण्याचे मोल अशा रीतीने ठरलेले असे.

या भेदाचे परिणाम उपचारांत स्पष्ट दिसतात. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात लुइस येलंड मूक झालेल्या शिपायांवर विजेच्या धक्क्यांचा प्रयोग करीत असे. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या उपचारांची वर्णने स्वतःच, विजयाच्या सुरात नोंदवली आहेत. येथे रुग्णाने बोलावे अशी अपेक्षा असते, परंतु तो काय बोलतो याच्याशी उपचारकाला कर्तव्य नसते. कंठातून ध्वनी उमटला की उपचार संपला. उच्चार परत मिळतो. निवेदन मात्र मिळत नाही.

एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट हे मुळात जलोपचाराचे आरोग्यभवन होते. १९१६च्या ऑक्टोबरात तेथे केवळ अधिकाऱ्यांसाठी युद्धरुग्णालय सुरू झाले. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स (१८६४–१९२२) हा तेथील एक उपचारक. त्याची पूर्वपीठिका लक्षणीय आहे. १८९८च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत मायर्ससह तोही सहभागी होता. तेथेच त्याने वंशावळी विचारून समाजरचना उलगडण्याची पद्धत विकसित केली. १९०१-०२मध्ये निलगिरीतील तोडा समाजात राहून त्याने जे काम केले, त्यातून 'द टोडाज' (१९०६) हा ग्रंथ सिद्ध झाला. दुभाष्यामार्फत प्रश्न विचारणारा हा अभ्यासक वासाहतिक सत्तेच्या छायेतच वावरत होता, हे विसरता येत नाही. तरीही परक्याच्या कथनाला अंतर्गत सुसंगती असते आणि ती धीराने ऐकूनच हाती लागते, ही जाण त्याने या क्षेत्रकार्यातून रुग्णालयात नेली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

१९१७च्या डिसेंबरात रिव्हर्सने युद्धानुभवाच्या दमनाविषयी एक निबंध वाचला. 'घडले ते विसरा' हा त्या काळी सर्रास दिला जाणारा सल्लाच रोग वाढवतो, हे त्याचे प्रतिपादन होते. त्यातील दोन उदाहरणे वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावीत अशी आहेत. एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न शव सापडले होते, आणि तेच दृश्य रात्री स्वप्नात छळत असे. देहाची ती अवस्थाच मृत्यू तत्क्षणी आला आणि मित्राला यातना झाल्या नाहीत याचा पुरावा आहे, हे रिव्हर्सने त्याच्या ध्यानी आणून दिले. पुढे स्वप्नातील भय ओसरले आणि शोकाला वाट मिळाली. येथे एकही तथ्य बदललेले नाही. बदलला तो त्या तथ्याचा निवेदनातील अन्वय. दुसरा अधिकारी स्फोटाने फेकला जाऊन एका कुजलेल्या प्रेतावर तोंडावर आदळला होता. या अनुभवाला सुसह्य करणारा कोणताही अन्वय रिव्हर्सला सापडला नाही, आणि ते त्याने मान्य केले. प्रत्येक अनुभव निवेदनाने वश होतो असा दावा न करणारा हा उपचारक, येलंडच्या विजयी सुराच्या पार्श्वभूमीवर अधिक विश्वसनीय वाटतो.

रिव्हर्सचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण सिगफ्रीड ससून. १९१७च्या जुलैत त्याने युद्ध लांबवण्याच्या धोरणाविरुद्ध जाहीर निवेदन काढले. ते ३० जुलैला ब्रिटिश संसदेत वाचले गेले. तत्पूर्वीच रॉबर्ट ग्रेव्हज या कविमित्राच्या खटपटीने त्याची वैद्यकीय मंडळापुढे रवानगी होऊन तो क्रेगलॉकहार्टला पोहोचला होता. त्यामुळे लष्करी न्यायालय टळले, पण राजकीय निषेधाचे रूपांतर रोगलक्षणात झाले. रुग्णालयाची ही दुहेरी भूमिका नजरेआड करून चालणार नाही. रिव्हर्स सहानुभूतीने ऐकत होता हे खरे. परंतु ऐकण्याचे नियोजित फळ रुग्णाला पुन्हा आघाडीवर धाडणे हेच होते. ससूनने त्या निबंधाचेच शीर्षक आपल्या एका कवितेला दिले, आणि 'शर्स्टन्स प्रोग्रेस' (१९३६) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत इतरांची नावे बदलूनही रिव्हर्सचे नाव तसेच ठेवले. विल्फ्रेड ओवेनचा उपचारक आर्थर ब्रॉक हा होता. कामातून पुनःस्थापना ही त्याची पद्धत. तिचा भाग म्हणून ओवेन रुग्णालयाच्या 'हायड्रा' या नियतकालिकाचा संपादक झाला. १९१७च्या ऑगस्टमध्ये त्याची ससूनशी भेट झाली, आणि त्याच्या कवितांच्या हस्तलिखितांवर ससूनचे हस्ताक्षर उमटले. बरा ठरलेला ओवेन पुढे फ्रान्सला परतला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, मारला गेला.

इंग्रजी युद्धकवितेचा जो संग्रह पाठ्यपुस्तकांतून पोहोचतो, त्याचा एक मोठा भाग असा ऐकून घेणाऱ्या संस्थेतून निर्माण झाला. या संस्थेची दारे अधिकाऱ्यांपुरती खुली होती. उलट टोकाला, शिस्तभंगासाठी गोळ्या घातलेल्या ज्या ३०६ सैनिकांना २००६ साली ब्रिटिश संसदेने कायद्याने क्षमा केली, ते बहुतांशी साधे शिपाई होते. त्यांतील काहींचा 'पळपुटेपणा' हा आघाताचाच आविष्कार असण्याची शक्यता मान्य व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. हिंदी शिपायांची स्थिती आणखी वेगळी. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक आणि कामगार समुद्रापार गेले. कूत येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ आणि ११० क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. फ्रान्समधील हिंदी शिपायाचे पत्र पुष्कळदा लेखनिक लिही आणि लष्करी तपासनीस वाची. म्हणजे त्याच्या शब्दाला वाचक होते. पण त्यांच्यापैकी एक केवळ माध्यम होता आणि दुसरा पहारेकरी. या दोघांच्या दरम्यान क्रेगलॉकहार्टसारखी खोली कोठेही नव्हती.

ही विषमता पुढे रुग्णांनीच मोडली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक स्वतःच्या चर्चागटांत एकमेकांचे ऐकू लागले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शटान हे मनोविकारतज्ज्ञ तेथे निमंत्रणावरून बसत. या दबावाचाही वाटा असल्याने १९८०च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत 'आघातोत्तर ताणविकृती' ही नोंद दाखल झाली. १९९२मध्ये ज्यूडिथ हर्मन यांनी उपचाराची सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि पुनर्संबंध अशी क्रमवारी मांडली. त्याच वर्षी शोशाना फेलमन आणि डोरी लाउब यांच्या 'टेस्टिमनी' या ग्रंथाने श्रोत्यावाचून साक्ष पूर्णच होत नाही, असा सिद्धान्त सांगितला. सिद्धान्त म्हणून तो मोलाचा आहे. पण त्यातील श्रोता सर्वांना समान उपलब्ध असल्यासारखा भासतो. इतिहास तसे सांगत नाही.

श्रोता मुळातच नाकारलेला असेल तर निवेदन काय करते, या प्रश्नाचे एक उत्तर मराठीत आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार या दुसऱ्या स्वतःला सांगतो. या रचनेकडे केवळ तंत्र म्हणून पाहणे अपुरे आहे. जातिव्यवस्थेने लादलेल्या वेदनेला वैद्यकीय निदानाच्या चौकटीत बसवणे अन्यायाचे ठरेल. ससूनच्या निषेधाचे जे झाले तेच तिचेही होईल. परंतु ऐकणारा बाहेर न मिळाल्याने संहितेलाच तो आपल्या आत घडवावा लागला, इतके या रचनेवरून निश्चित म्हणता येते. साक्षीच्या वाङ्मयाची समीक्षा करताना 'कोण बोलतो' या प्रश्नाबरोबरच 'कोणाला ऐकणारा मिळाला' हा प्रश्न विचारला गेला नाही, तर क्रेगलॉकहार्टच्या दारावर जी निवड झाली, तिचीच पुनरावृत्ती समीक्षा नकळत करीत राहील.