शब्दवेध : सायटिका

‘सायटिकाचा त्रास आहे,’ असं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. शब्दाचं मूळ मात्र नसेत नाही, हाडात आहे. ग्रीकमध्ये ‘इस्किऑन’ म्हणजे नितंबाचा सांधा. तिथल्या दुखण्याचं विशेषण लॅटिनमध्ये घासत घासत ‘सायटिका’ झालं. शतकानुशतकं हा सांध्याचाच आजार समजला जाई. १७६४मध्ये नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यांनी नसेमुळे होणारी कळ वेगळी काढून दाखवली.

आयुर्वेदातलं नाव ‘गृध्रसी’. त्याचा संबंध गृध्राशी, म्हणजे गिधाडाशी लावतात; रोगी तसाच लंगडत चालतो म्हणून. चरकसंहितेनं नितंबापासून पावलापर्यंत उतरणाऱ्या वेदनेची वाट नेमकी सांगितली आहे.

ज्या नसेमुळे ही कळ येते, ती शरीरातली सर्वांत जाड नस, जवळजवळ अंगठ्याएवढी. कण्याच्या खालच्या पाच नसमुळांपासून ती बनते आणि नितंबातून मांडीच्या मागून उतरते. म्हणूनच कुल्ल्यावरचं इंजेक्शन वरच्या, बाहेरच्या भागात देतात. गुडघ्याच्या वर तिच्या दोन शाखा होतात. त्यातली एक गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालते. तिथं ती कातडीच्या लगेच खाली असते. घट्ट प्लास्टरनं दबली तरी पाऊल लुळं पडतं.

बहुतेकांची कळ काही आठवड्यांत ओसरते. पण लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.