बीजाचे विश्वस्त

देवस्थानच्या कोठारातील धान्य आपल्या भुकेसाठी नव्हे, हे खऱ्या विश्वस्ताला सांगावे लागत नाही. या निष्ठेची कठोर कसोटी लेनिनग्राड (आजचे सेंट पीटर्सबर्ग) येथील एका बीजभांडारात लागली.

निकोलाय वाविलोव (१८८७–१९४३) या रशियन शास्त्रज्ञांनी पाच खंड हिंडून पिकांचे वाण व त्यांचे रानटी सगोत्र जमविले. तांबेऱ्याला वा अवर्षणाला तोंड देण्याचा गुण एखाद्या उपेक्षित वाणात असतो. संकराने तो भरघोस पिकणाऱ्या जातीत उतरविता येतो. परंतु मूळ वाणच नष्ट झाला, तर तो गुण आणावा कोठून?

लायसेंकोने आनुवंशिकीचे शास्त्रच नाकारले आणि राजसत्तेने त्याची पाठ राखली. १९४० साली वाविलोवांना अटक झाली. १९४१ च्या जुलैत न्यायासनाने त्यांना देहदंड फर्माविला. पुढे त्याचा कारावास झाला खरा. पण १९४३ च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात, अन्नावाचून खंगून, त्यांचा अंत झाला.

इकडे शत्रूने वेढलेल्या लेनिनग्राडात त्यांचे सहकारी बियाणे राखीत होते. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव तांदळाच्या हजारो पुड्यांच्या सान्निध्यात उपासमारीने गेले. एक मूठही त्यांनी शिजविली नाही.

१९५५ साली न्यायालयाने वाविलोवांची शिक्षा रद्द केली. आम्हां वकिलांना हे टोचते. निकाल फिरविता येतो. गेलेला माणूस परत येत नाही, नष्ट झालेले बीजही नाही. ते बीज मात्र वाचले, कारण त्याला विश्वस्त लाभले होते.