वॉशिंग मशीनची चिकित्सा

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द वैद्याकडेही आहे आणि समीक्षकाकडेही. पाठचिकित्सा करणारा संपादक हस्तलिखितात दोष कोठे शिरला हे शोधतो; वैद्य तोच शोध शरीरात घेतो. घरातले वॉशिंग मशीन बंद पडल्यावर त्याच्यापुढे उकिडवा बसलेला माणूस जे करतो तीही चिकित्साच असते. मात्र तिला आपण ज्ञानाचा दर्जा देत नाही. या यंत्राच्या इतिहासातही तिला जागा नसते. तो इतिहास संशोधकांची नावे आणि पेटंटांच्या तारखा यांनी भरलेला असतो. बिघाड कोणाला कळत होता आणि तो कळण्याचा अधिकार पुढे कोणाकडे गेला, हा प्रश्न हाती घेऊन पाहिले तर हाच इतिहास वेगळा दिसू लागतो.

जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील धर्मोपदेशक आणि निसर्गअभ्यासक याकोब क्रिस्टियान शेफर यांनी १७६०च्या दशकात धुण्याच्या यंत्राची रचना प्रसिद्ध केली. लाकडी पिंप आणि आतले कपडे घुसळण्यासाठी हाताने फिरवायचा दांडा, असे तिचे साधारण स्वरूप होते. अशा यंत्रात बिघाड लपायला जागाच नव्हती. फळी फुगली, दांडा सैल झाला, पाणी गळू लागले, तर ते धुणाऱ्या बाईला दिसत असे आणि गावातल्या सुताराला दुरुस्त करता येत असे. यंत्र आणि त्याची चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात नांदत होत्या.

विजेने हे चित्र बदलले. अमेरिकेत आल्वा फिशर यांना १९१० साली विजेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. पुढे १९३७ साली बेंडिक्स कंपनीचे स्वयंचलित मशीन आले. धुणे, खळबळणे आणि पिळणे ही तिन्ही कामे एकाच बंद पिंपात होऊ लागली. हे यंत्र इतके हादरत असे की त्याला जमिनीशी बोल्टांनी जखडावे लागे. दार बंद झाले आणि आतली क्रिया दिसेनाशी झाली. मात्र ऐकू येत राहिली. पुढची कित्येक दशके या यंत्रांचा कारभार टायमर पाहत असे: एक छोटी मोटर खाचांच्या चकत्या फिरवी आणि त्या चकत्या एकेक स्विच चालूबंद करीत. टायमर कोणत्या टप्प्यावर अडकला हे त्याच्या ‘कट्’ अशा आवाजावरून सांगता येई. पाहण्याची जागा ऐकण्याने घेतली, एवढेच.

रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी ‘मोअर वर्क फॉर मदर’ या १९८३ सालच्या ग्रंथात दाखवून दिले, की घरगुती यंत्रांनी गृहिणीचे काम अपेक्षेइतके कमी केले नाही. धोबिणीकडे किंवा लाँड्रीत जाणारे धुणे घरात परतले आणि स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या. त्यांच्या या निष्कर्षाला एक पुरवणी जोडावीशी वाटते. यंत्रावर लक्ष ठेवणे, त्याचा बदललेला सूर ओळखणे, हेही एक काम होते. तेही बहुधा तिच्याच वाट्याला आले आणि कोठेही मोजले गेले नाही.

या कामाचे तर्कशास्त्र किती काटेकोर असते ते एका साध्या बिघाडावरून पाहू. मशीनमध्ये पाणी भरते, पण बाहेर जात नाही. प्रथम वीजजोडणी काढायची, मग पाणी बाहेर नेणारी नळी दुमडली आहे का ते पाहायचे. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये खालच्या कोपऱ्यात फिल्टर असतो. पाणी काढून घेऊन तो उघडला की नाणे, बटण, केसांची पिन यांपैकी काहीतरी सापडण्याचा संभव मोठा. तेथे काही नसेल तर पंपाचे पाते अडकले आहे का, आणि तेही फिरत असेल तर पंपापर्यंत वीज पोहोचते का. पाणी उपसले गेले नाही म्हणून पिळणेही होत नाही. तक्रार मात्र ‘पिळत नाही’ अशी येते. लक्षण एका ठिकाणी आणि दोष दुसऱ्या ठिकाणी, हे पाठचिकित्सकाला नवे नाही. याउलट पाणी फार हळू भरत असेल, तर पाणी आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पाहावी. टाकीतला गाळ आणि क्षार तेथे साठतात.

पुढे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले आणि मशीन स्वतःच आपला दोष सांकेतिक अक्षरांत सांगू लागले. हे वाचन सोपे झाल्यासारखे वाटते; परंतु संकेत बहुतेक वेळा लक्षण सांगतो, कारण नव्हे. ‘पाणी गेले नाही’ एवढेच तो म्हणतो. ते का गेले नाही, हे शोधायला माणूस लागतोच. शिवाय संकेतांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात. संहिता यंत्राची, भाष्याचा अधिकार कंपनीचा, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीला आता कायद्याने हात घातला आहे. युरोपीय संघाच्या मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, मॉडेलचे शेवटचे मशीन बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे त्याचे ठरावीक सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. मात्र युरोपीय नियमांतल्या दोन याद्या बारकाईने वाचण्याजोग्या आहेत. दार, त्याची बिजागरी, रबरी सील, पावडरचा खण हे भाग ग्राहकालाही मिळावेत असे त्यात म्हटले आहे; पंप, मोटर, बेअरिंग, सर्किट बोर्ड देण्याचे बंधन मात्र केवळ व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांपुरते आहे. विजेचा धोका पाहता या भेदाला आधार नाही असे म्हणता येणार नाही. तरीही घरातल्या माणसाने यंत्राच्या किती आत जावे याची सीमारेषा येथे आखली गेली, हे नोंदवायला हवे.

‘कालपासून आवाज वेगळा येतोय’ हे वाक्य यांपैकी कोणत्याही यादीत बसत नाही. पण तंत्रज्ञ घरी येतो तेव्हा त्याच्या चिकित्सेचा आरंभ त्याच वाक्यापासून होतो, आणि ते बोलणारी व्यक्ती त्या यंत्राची पहिली वाचक असते. यंत्राच्या इतिहासात तिचे नाव कधी येणार, हा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.