जुन्या ब्रिटिश गिनीची खरी किंमत कशी काढायची? विकण्याआधी एवढं बघाच

आजीच्या पेटीत, देव्हाऱ्यातल्या डबीत किंवा गळ्यातल्या माळेत अनेक घरांत इंग्रजांच्या काळातली एखादी गिनी असते. वाटणी निघाली, लग्न ठरलं, नाहीतर दवाखान्याचा खर्च आला की ती बाहेर निघते. मग कुणी म्हणतं मोडीत काढा, कुणी म्हणतं मोबाईलवर लाखो रुपये मिळतात. दोन्ही ऐकून घाई केली तर नुकसान ठरलेलं. हिशेब अवघड नाही, घरबसल्या करता येतो.

गिनी म्हणजे नक्की काय?

आपल्याकडं जिला गिनी म्हणतात, ती बहुतेक वेळा सॉव्हरिन असते. खरी गिनी इंग्लंडात १६६३ ते १८१४ या काळात पाडली गेली. सॉव्हरिन १८१७ पासून सुरू झाली. एका बाजूला राणी किंवा राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगराला मारणारा सेंट जॉर्ज. काही जुन्या नाण्यांवर घोडेस्वाराऐवजी ढाल असते.

आधी सोन्याचा हिशेब

सॉव्हरिनचं वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट. त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. अर्धी गिनी ३.९९ ग्रॅमची, त्यात शुद्ध सोनं ३.६६ ग्रॅम.

समजा २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १ लाख रुपये आहे. म्हणजे १ ग्रॅमला १० हजार. ७.३२ ला १० हजारांनी गुणलं की ७३,२०० रुपये. ही झाली नुसत्या सोन्याची किंमत. त्या दिवसाचा भाव टाकून हा आकडा घरूनच काढून न्यावा. सराफ थोडी घट धरतो, पण फरक फार असेल तर दुसऱ्या दुकानात विचारावं. वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावं. गळ्यात घालून झिजलेली गिनी थोडी कमी भरते.

जास्त पैसे कशाचे मिळतात?

जुनी आहे म्हणून किंमत वाढत नाही. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांच्या काळात सॉव्हरिन भरपूर पाडल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच नाण्यांना सोन्याच्या किमतीपेक्षा थोडेच जास्त मिळतात. संग्राहक तीन गोष्टी बघतो: साल, टांकसाळीची खूण आणि नाण्याची अवस्था.

१८१९ सालची आणि लंडनला पाडलेली १९१७ सालची सॉव्हरिन दुर्मीळ आहे. टांकसाळीची खूण म्हणजे बारीक इंग्रजी अक्षर. एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ. १९१८ साली आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडल्या गेल्या. त्यावर घोड्याखाली, सालाच्या वर, आय हे अक्षर असतं. भिंगातून बघितलं तर दिसतं. लंडनच्या नाण्यावर अशी खूण नसते.

या चुका टाळा

चिंच, लिंबू, रांगोळी लावून नाणं घासू नये. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत पडते. माळेसाठी कडी डाकलेली किंवा भोक पाडलेली गिनी असेल तर सोन्याचाच भाव धरावा. दुर्मीळ वाटणारं नाणं कसोटीवर घासू देऊ नये. सराफाकडच्या यंत्रावर न घासता कॅरेट कळतं. पण नुसतं कॅरेट बघून भागत नाही. काही नकली नाण्यांत सोनं खरं असतं, साल मात्र दुर्मीळ टाकलेलं असतं. अशा वेळी वजन, जाडी, अक्षरांची ठेवण जाणकाराला दाखवावी. गिनी साधारण २२ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड असते.

शेतात सापडली तर?

घरची वडिलोपार्जित गिनी वेगळी आणि नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली वेगळी. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गुपचूप विकलं तर गुन्हा होतो. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परदेशी पाठवायलाही कायद्याची मनाई आहे.

आगाऊ पैसे देऊ नका

"नाण्याचे लाखो देतो, आधी नोंदणी फी भरा," असा फोन आला की समजावं, फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावानंही असे पैसे मागितले जातात. अशा व्यवहारात आपण कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही, असं बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही.

गिनी मोडीत घालण्याआधी दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो काढावा, साल आणि वजन कागदावर लिहावं, दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा आणि विकताना पावती घ्यावी. एकदा वितळली की तिचं साल कुणालाच सांगता येत नाही. उरतं ते फक्त सोनं.