उलटं टांगलेलं चर्च

'पॅरामेट्रिक डिझाइन' म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनीने मला थोडक्यात सांगितलं, "आजोबा, इमारतीचं चित्र काढायचं नाही, नियम ठरवायचे. एक आकडा बदलला की बाकीचं सगळं आपोआप बदलतं." आणि कॉम्प्युटर आल्यामुळेच हे शक्य झालं, अशी पुस्तीही जोडली. पहिला भाग मला फार आवडला. पुस्ती ऐकून मात्र जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला गप्प बसवेना, म्हणून हा लेख. (ती वाचेलच!)

शब्दापुरतं बोलायचं तर तो लुइजी मोरेत्ती या इटालियन वास्तुकाराने १९४०च्या दशकात वापरात आणला. १९६० मध्ये त्याने मिलानला असे आराखडे मांडले. त्यात प्रेक्षकांच्या नजरेच्या रेषांवरून ठरवलेली स्टेडियम होती. पण मंडळी, ही युक्ती शब्दापेक्षा जुनी आहे, आणि तिला वीजसुद्धा लागत नाही.

गॅलरीतली कपड्यांची दोरी आठवा. रिकामी असताना ती एका बाकात लोंबते. मधोमध ओली चादर टाकली की बाक बदलतो, कडेला टॉवेल टाकला की पुन्हा बदलतो. दोरीला फक्त ताण सोसता येतो, म्हणून त्या त्या भाराला योग्य तोच आकार ती घेते. आता हा आकार उलटा करा. कमान झाली! ताणाच्या जागी सगळीकडे दाब आला, आणि दगड-विटांना दाबच तर सोसतो. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकला हे उमगलं होतं. १६७५ मध्ये त्याने ते अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापलं, आणि उत्तर त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आलं. विद्वानांचा हा स्वभाव मला कधी कळला नाही. असो.

या दोरीवर अख्खं चर्च उभारायला निघाला तो बार्सिलोनाचा आंतोनी गाउदी. युसेबी ग्वेल या गिरणीमालकाने शहराजवळ कामगारांची वसाहत वसवली होती. (गिरणी म्हटलं की आम्हा मुंबईकरांचे कान टवकारतातच.) तिथल्या चर्चचं काम गाउदीला १८९८ मध्ये मिळालं. पायाचा दगड बसला १९०८ मध्ये. मधली दहा वर्षं साहेब काय करत होते? एका शेडमध्ये छताला दोऱ्या टांगत होते! प्रत्यक्षाच्या एक दशांश मापाच्या दोऱ्या, त्यांना बांधलेल्या शिशाच्या छर्ऱ्यांच्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवी खऱ्या भाराच्या दहा हजाराव्या हिश्शाची. एक दोरी हलवली की तिच्याशी जोडलेल्या दोऱ्या हलणार. एक पिशवी जड केली की सगळी जाळी नव्याने तोल शोधणार. आकडेमोड गुरुत्वाकर्षण करत होतं. मग फोटो काढायचा, उलटा धरायचा, त्यावर रंगवायचं, की चर्च दिसलं!

पण ग्वेल कुटुंबाने पैसा थांबवला आणि १९१४ मध्ये काम बंद पडलं. झाला तो फक्त तळमजला. त्यातले खांब चक्क तिरके आहेत, जिकडून भार येतो तिकडे कललेले. आपला ओळंबा लावणारा गवंडी ते बघून कपाळाला हात लावेल.

दुसरं चर्च जगप्रसिद्ध आहे, साग्रादा फामिलिया. १८८३ मध्ये ते काम गाउदीकडे आलं. इथे शेवटच्या वर्षांत त्याने दोऱ्या सोडून प्लास्टरचे नमुने केले. वेताच्या सरळ काड्या तिरक्या लावून केलेलं, कमरेत बारीक असं स्टूल पाहिलंय ना? सरळ रेषांतून वक्र पृष्ठभाग. तसे पृष्ठभाग एकमेकांत छेदून त्याने छत, खिडक्या बसवल्या. कारण उघड होतं, सरळ रेषा कारागिराला आखता येतात. जून १९२६ मध्ये ट्रामची धडक बसून तो गेला. जुलै १९३६ मध्ये, यादवी सुरू होताच, कार्यशाळा जाळली गेली. कागद गेले, नमुन्यांचे तुकडे झाले.

आता पुढे बांधायचं कशावरून? १९६५ मध्ये ल कॉर्ब्युझिएसारख्या मोठमोठ्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं की काम थांबवा, हे गाउदीचं राहिलेलं नाही. मला त्यांचं म्हणणं बाहेरच्या पुतळ्यांपुरतं पटतं. छतापुरतं पटत नाही, आणि ते का, ते मार्क बरी या न्यूझीलंडच्या माणसाने दाखवलं. १९७९ मध्ये तो विद्यार्थी म्हणून तिथे आला. म्हाताऱ्या वास्तुकारांनी त्याच्यापुढे प्लास्टरचे तुकडे ठेवले. कुठले पृष्ठभाग कुठे छेदले तर हाच तुकडा तयार होईल, हे तो हातानेच वर्षानुवर्षं काढत बसला. पुढे कॉम्प्युटर आला, पण इमारतींच्या सॉफ्टवेअरला हे झेपेना. विमानांच्या आराखड्यांचं सॉफ्टवेअर आणावं लागलं. त्यात आकडे बदलत जायचं, तुकड्याशी जुळेपर्यंत. गाउदीचा कागद नव्हता, पण त्याचा नियम प्लास्टरमध्ये शाबूत होता. ते छत पुरं झालं आणि २०१० मध्ये चर्चचं विधिवत अर्पण झालं. २०२५ मध्ये तर ते जगातलं सर्वांत उंच चर्च ठरलं.

दोऱ्यांचा मूळ नमुना मात्र उरला नाही. १९८०च्या दशकात जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या मंडळींनी जुने फोटो मोजून मोजून तो पुन्हा विणला, आणि तो साग्रादा फामिलियाच्या संग्रहालयात टांगला आहे. आमच्यापैकी युरोपवारीला निघालेल्यांनी रांगेत थोडा वेळ जास्त काढून तो पाहावा, आणि फोटो मला उलटा करून पाठवावा.