डोक्यापासून मूत्राशयापर्यंत: खाटेशेजारच्या सोनोग्राफीची वाटचाल

ध्वनिलहरींनी रोगनिदान करण्याचे सुरुवातीचे प्रयत्न झाले ते मेंदूवर. ऑस्ट्रियातील मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल ड्युसिक डोक्याच्या एका बाजूने लहरी सोडून दुसऱ्या बाजूला टिपत आणि मेंदूतील पोकळ्यांचे चित्र शोधत. त्यांचा लेख १९४२ मध्ये आला. दहा वर्षांनी उलगडा झाला, की ती चित्रे मुख्यतः कवटीच्या कमीअधिक जाडीची होती.

स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५०च्या दशकात अपेक्षाच कमी ठेवली. चित्र नको, मेंदूच्या मध्यरेषेचा प्रतिध्वनी पुरे. डोक्यात रक्त साकळले, तर ती रेषा एका अंगाला सरकते. बेशुद्ध किंवा असंबद्ध बडबडणाऱ्या रुग्णाच्या उशाशी ही तपासणी करता येई. १९७०च्या दशकात सीटी स्कॅन आला आणि ती मागे पडली. पुढे १९८२ मध्ये रुने आस्लिड यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून मेंदूतील रक्तप्रवाहाचा वेग मोजला. तरी कवटीचा अडसर पुरता हटला नाही.

खरे तर वृद्ध माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर दोष पुष्कळदा डोक्याबाहेर असतो. न्यूमोनिया, थकलेले हृदय, पोटातला जंतुसंसर्ग, एवढेच काय, तुंबलेली लघवीसुद्धा. या शेवटच्या कारणाला १९९० मध्ये ‘सिस्टोसेरेब्रल सिंड्रोम’ असे भारदस्त नाव मिळाले. नळी घालून मूत्राशय रिकामे केले की काही रुग्ण लवकरच भानावर येतात. असा रुग्ण आपले दुखणे सांगू शकत नाही. फुगलेले मूत्राशय मात्र सोनोग्राफीत क्षणात दिसते. फुप्फुसात हवा असल्याने तिथे सोनोग्राफी निरुपयोगी, हा समज फ्रान्सच्या डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी खोडून काढला. धाप लागलेल्या रुग्णासाठी त्यांनी आखलेली ‘ब्लू’ पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर यंत्रही हातात मावू लागले होते. अमेरिकी लष्करी संशोधनाच्या पैशातून घडलेले सोनोसाइट कंपनीचे यंत्र १९९९च्या सुमारास बाजारात आले.

डोक्यातला दाब वाढल्याची चाहूल आता डोळ्यामागच्या मज्जातंतूच्या आवरणाची जाडी मोजून घेतात. ती पाच मिलिमीटरच्या वर गेली की शंका घ्यावी म्हणतात, पण नेमक्या आकड्यावर एकमत नाही. भ्रमाची इतर कारणे, म्हणजे रक्तातली बिघडलेली साखर, सोडियम किंवा औषधांचा दुष्परिणाम, यांपैकी काहीच सोनोग्राफीत दिसत नाही. त्यासाठी रक्ततपासणी आणि औषधांची यादीच पाहावी लागते.

भारतात या यंत्राच्या वाटेत कायदाही येतो. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. त्यामुळे मूत्राशय पाहायचे असले, तरी यंत्राची नोंदणी लागते आणि सुटसुटीत यंत्र कुठे वापरायचे यावरही बंधने आहेत.